टर्बो चढला की मिसिंग : तिसऱ्या सिलिंडरपासून ब्रीदरच्या व्हॉल्व्हपर्यंत

चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल टर्बो इंजिनातील मिसिंगच्या (सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटण्याच्या) शोधाची ही आतापर्यंतची नोंद आहे. आयडलिंगला इंजिन शांत चालते आणि न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी आवाजात खोट जाणवत नाही. मात्र चौथ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) ०.४ बारच्या वर गेले की गाडी झटके खाते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो. हा दिवा नुसता पेटून राहणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे. लुकलुकू लागला, म्हणजे न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत आहे आणि त्याचा गाभा वितळण्याची भीती आहे. त्यामुळे चाचणी कितीही महत्त्वाची असली, तरी झटका बसताच पाय काढायचा हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

स्कॅनरवर पी०३०० आणि पी०३०३ हे दोन कोड मिळाले. पहिला कोड अनेक सिलिंडरांतील मिसिंगचा, तर दुसरा केवळ तिसऱ्या सिलिंडरचा. क्रँकवरील दातेरी चाक प्रत्येक दात्याला किती वेळ घेते हे ईसीयू (इंजिनचा संगणक) सतत मोजत असतो, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांनी मिळणारा धक्का एखाद्या वेळी मिळाला नाही, की त्या क्षणी मंदावलेल्या वेगावरून सिलिंडर ओळखतो. याचा अर्थ कोड फक्त ताकद कुठे कमी पडली एवढेच सांगतो. ती ठिणगीमुळे, इंधनामुळे की कॉम्प्रेशनमुळे कमी पडली, हे शोधणे आपल्याकडे राहते. म्हणूनच कोड पाहून लगेच तिसरी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) विकत घेण्याचा सल्ला मला पटत नाही.

पहिली चाचणी नेहमीची, म्हणजे कॉइलच्या अदलाबदलीची. प्लग जागेवरच ठेवून तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर बसवली. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर कॉइल दोषी आणि जागेवरच राहिले तर दोष दुसरीकडे, असा साधा हिशेब असतो. येथे मात्र बूस्टखाली पहिला आणि तिसरा, असे दोन्ही सिलिंडर मिसिंग दाखवू लागले. उलगडा प्लग बाहेर काढल्यावर झाला. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरच्या टोकापासून षटकोनी धातूपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती, आणि कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटात टॉर्चने पाहिल्यावर अगदी तशीच रेघ आतल्या बाजूला दिसली. ठिणगी टोकाच्या फटीतून न उडता चिनीमातीवरून बाहेरच्या बाहेर निसटत होती. एकदा कार्बनची अशी वाट पडली की ती प्लगवरही राहते आणि बुटावरही; त्यामुळे खराब बूट चांगल्या प्लगवर ठेवला किंवा चांगला बूट खराब प्लगवर ठेवला, तरी ठिणगीला निसटायला वाट मिळतेच. नवा प्लग जुन्या बुटात बसवून काही दिवसांत पुन्हा तोच दोष येतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

फीलर गेजने मोजल्यावर चारही प्लगची गॅप १.१ मिलिमीटरच्या घरात भरली. या इंजिनासाठी ती ०.७ ते ०.८ हवी. सिलिंडरमधील दाब जितका जास्त, तितका ती फट ओलांडण्यासाठी लागणारा व्होल्टेजही जास्त. आयडलिंगला हवा विरळ असल्याने झिजलेला प्लगही सहज ठिणगी देतो, पण बूस्टखाली तीच फट ओलांडणे कॉइलला जड जाते आणि विजेला चिनीमातीची बाजू सोपी वाटू लागते. गाडी उभी ठेवून केलेल्या तपासणीत हा दोष सापडणे शक्यच नव्हते. चारही प्लग नवे घेऊन गॅप ०.७ ठेवली आणि पहिल्या व तिसऱ्या कॉइलचे बूट बदलले. झटके जवळजवळ थांबले.

तरीही मी येथे थांबलो नाही, कारण तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचले होते आणि त्या ऑइलनेच बूट फुगून मऊ झाला होता. व्हॉल्व्ह कव्हरचे सील जुने आहेत हे खरे, पण ऑइल नेमके आताच का चढावे? दुवा फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेल्या दुरुस्तीत, मिळाला. लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला अधिक ९ टक्के आणि २,५०० आरपीएमला अधिक २ टक्के होता, म्हणजे व्हॅक्यूम असताना कुठूनतरी न मोजलेली हवा आत येत होती. (मिसिंग चालू असताना ट्रिमवर विश्वास ठेवू नये, न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि तो मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असल्याचे खोटेच सांगतो. आयडलिंगला मिसिंगची गणती शून्य होती, म्हणून हे आकडे ग्राह्य धरले.)

स्मोक टेस्टमध्ये (धूर भरून गळती शोधण्याच्या चाचणीत) इनटेक मॅनिफोल्डखालच्या पीसीव्ही होजमधून (क्रँककेस म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीतील वाफा इनटेकमध्ये नेणारी ब्रीदरची नळी), वरून न दिसणाऱ्या बाजूने, धूर निघाला. होज काढताना तिच्या टोकाचा वनवे व्हॉल्व्हही हातात आला. मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकर मारली तर हवा अडायला हवी. येथे ती सरळ आरपार गेली. आता सगळी साखळी जुळली. बूस्ट आले की दाब या व्हॉल्व्हमधून उलटा क्रँककेसमध्ये शिरत होता, ऑइलला सीलमधून प्लगच्या खड्ड्यात ढकलत होता आणि तेथे बूट खराब करत होता. नुसते प्लग आणि कॉइल बदलून गाडी चालवली असती, तर नवे बूटही त्याच ऑइलात भिजले असते. व्हॉल्व्ह, होज आणि व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, तिन्ही बदलले. आयडलिंगचा ट्रिम आता अधिक २ टक्क्यांवर आहे.

कॉम्प्रेशन १५६, १५४, १४८ आणि १५५ पीएसआय मिळाले. थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद. फरक सुमारे ५ टक्के असल्याने यांत्रिक बाजूची चिंता मी सोडली आहे.

चौथ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटरवर तिसऱ्या सिलिंडरची गणती आता शून्य राहते. मात्र ५,००० आरपीएमच्या वर चारही सिलिंडरांत थोडी थोडी गणती अजून दिसते आणि ती एका सिलिंडरची नसल्यामुळे संशय सामाईक गोष्टीवर, म्हणजे इंधनाच्या दाबावर जातो. या इंजिनातील रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा संदर्भ असल्याने (म्हणजे तेथील दाबाप्रमाणे तो इंधनाचा दाब बदलत असल्याने) मूळ दाब ३ बार असेल, तर ०.७ बार बूस्टला तो ३.७ बार दिसला पाहिजे. पुढच्या फेरीत रेलवर प्रेशर सेन्सर बसवून बूस्ट आणि दाब एकाच आलेखावर नोंदवणार आहे. बूस्ट वाढताना दाब मुळीच चढला नाही तर आधी रेग्युलेटरची व्हॅक्यूम होज पाहीन; सुरुवातीला बरोबर चढून वरच्या आरपीएमला ढासळला तर फिल्टर आणि पंपाला मिळणारा व्होल्टेज तपासल्यानंतरच पंपाला हात घालीन.