मॅडम, तुम्ही आहात ना?

काउन्सेलिंगच्या कोर्सला आमच्याकडून सोलर घोटून घेतलं होतं (सूर्यावर चालणारं नव्हे), क्लायंटकडे आपलं लक्ष आहे हे देहबोलीतून दाखवायचं जेरार्ड ईगन या मानसशास्त्रज्ञाचं सूत्र आहे ते, SOLER, समोरासमोर बसा, हाताची घडी नको, थोडं पुढे झुका, नजरेला नजर द्या, रिलॅक्स राहा. रोलप्लेत मला पैकीच्या पैकी.

आणि प्रॅक्टिसच्या तिसऱ्याच महिन्यात जन्मापासून अंध असलेली एक क्लायंट समोर येऊन बसली.

सुरुवातच गंडली. मी सवयीने कन्सेंट फॉर्म तिच्यापुढे सरकवला, ती नुसती बसून, मग ट्यूब पेटली आणि मी तो मोठ्याने वाचायला घेतला, गोपनीयतेचा पॅरा अगदी खणखणीत आवाजात, आणि तेव्हा दार सताड उघडं होतं, ते तिनेच सांगितलं, बाहेरचे आवाज येत होते म्हणे तिला.

मग ती बोलायला लागली. मी मान डोलावतेय, झुकतेय, चेहऱ्यावर माया ओतू जातेय. ती मध्येच थांबली. "मॅडम, तुम्ही आहात ना?"

पण खरा घोळ पुढेच, कारण मी अर्धा तास दिसत नसण्याबद्दलच विचारत राहिले, शेवटी ती म्हणाली, "मला कधी दिसलंच नाही, त्याचं काय दुःख करू? माझं लग्न मोडतंय, त्यावर बोलायचंय."

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी काउन्सेलरसोबत केसची चर्चा करताना, कळलं की याला नाव आहे, डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग, म्हणजे तक्रार कसलीही असो, खापर अपंगत्वावर. आम्हाला अपंगत्वावर एकच लेक्चर होतं, तेही शेवटच्या आठवड्यात, नुसते प्रकार आणि व्याख्या! पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजायची प्रश्नावली मात्र पाठ करून घेतली, पण त्यातले थकवा, झोप, हालचाली मंदावणं हे प्रश्न मणक्याला इजा झालेल्या माणसाला विचारले तर येणारा स्कोअर मनाचा की शरीराचा, हे कुणी बोललंच नाही.

आता मी स्वतः नव्या काउन्सेलर्सना ट्रेनिंग देते. डोळ्यांवर पट्टी बांधून फिरवायचा खेळ मला पटत नाही, त्यातून पोरं फक्त घाबरायला शिकतात. त्यापेक्षा एक अंध सहकारी क्लायंट म्हणून बसते आणि नंतर प्रत्येकाची बिनपाण्याने करते.

त्या क्लायंटच्या दुसऱ्या सेशनला मी प्रत्येक वाक्याला इतकं "हं, हं" केलं की ती हसायलाच लागली. "मॅडम, आता थोडं कमी केलंत तरी चालेल."