चौथ्या फेरीला बॉम्ब

अंधेरीला एका काकांना घरी जाऊन फिजिओथेरपी देते. हवाई दलातून इंजिन फिटर म्हणून निवृत्त. स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी करणारा मोटर न्यूरॉन आजार आता श्वासाच्या स्नायूंपर्यंत आलाय. अशा पेशंटला आम्ही दीर्घ श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लावतो. धडधाकट माणूस सहज तीसच्या पुढे जातो. काका त्या दिवशी सतरावर अडले आणि वैतागले. "आकडे बास. मी गोष्ट सांगतो, तू त्यात श्वास मोज."

गोष्ट लेनर्ड चेशायरची. अंधेरीतलं अपंगांसाठीचं चेशायर होम मला ठाऊक होतं. ते एका ब्रिटिश वैमानिकाच्या नावाचं आहे, हे नव्हतं.

८ फेब्रुवारी १९४४ ची रात्र, फ्रान्समधलं लिमोझ. कारखान्यात जर्मनांसाठी विमानाची इंजिनं बनत, रात्रपाळीला फ्रेंच बायका. चेशायर ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनचा प्रमुख. लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचं चार इंजिनांचं धूड त्याने छपरांना घासेल इतकं खाली आणलं. एकदा नाही, तीनदा. बायकांनी पळावं म्हणून. चौथ्या फेरीला खुणेचे पेटते बॉम्ब टाकले, मग मागच्या विमानांनी कारखाना उडवला. काका दर तीन-चार शब्दांनी थांबत होते, तरी लँकेस्टरची इंजिनं मर्लिन होती हे सांगायचं राहिलं नाही. फिटरच तो!

व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान बहुधा एखाद्या पराक्रमासाठी मिळतो. चेशायरला चार वर्षांच्या, शंभर मोहिमांच्या लढाईसाठी मिळाला. १९४५ मध्ये नागासाकीचा अणुस्फोट त्याने ब्रिटनचा निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला. १९४८ मध्ये कुठेच थारा नसलेल्या एका मरणासन्न माणसाला घरी आणून स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातून ही होम्स उभी राहिली. १९५९ मध्ये त्याचं लग्नही मुंबईतच झालं.

"नागासाकी बघून माणूस बदलला," मी म्हटलं.

"छे! लिमोझला तरी वेगळा कुठे होता?"

मला पटेना. "आणि जर्मनीतल्या कोलोन शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा? तिथे कुणाला पळायला वेळ दिला?"

काका गप्प झाले. दम लागला होता की उत्तर नव्हतं, कळलं नाही. मी पाठीमागची उशी नीट केली.

"१९९२ ला गेला. कशाने, माहितेय?" त्यांनी हनुवटीने स्वतःच्या हातांकडे खूण केली. "याच्यानेच. तो ग्रुप कॅप्टन, मी सार्जंट. पोस्टिंग एकाच ठिकाणी."

ते हसले, त्या हसण्यानेही धाप लागली. खाली उतरताच मी त्यांच्या डॉक्टरांना श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप मशीनसाठी फोन लावला.