कानाला करंट, बोटांना सराव

गेल्या पावसाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर एक कागद लागला. साठीच्या पुढची धडधाकट माणसं संशोधनासाठी हवी होती. कानाच्या त्वचेवरून नसेला सौम्य करंट दिला तर हात नवी हालचाल लवकर शिकतो का, हे बघायचं होतं. मी 67 वर्षांची. अर्धांगवायूनंतर माझ्या आईचा डावा हात पूर्वीसारखा झालाच नाही. कप धरायला नव्याने शिकताना ती रडायची. तिच्या आठवणीने मी नाव दिलं.

पहिल्या दिवशी नुसती चौकशी. पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, कानाचं ऑपरेशन झालंय का. ईसीजी काढला. मग संमतीपत्र पुढे आलं, सगळं इंग्रजीत. "काकू, मी तोंडी समजावते, तुम्ही सही करा," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. मी नाही केली. मला इंग्रजी वाचता येतं, पण शेजारी बसलेल्या आजोबांना येत नव्हतं. माणसाला समजेल त्या भाषेतच संमती घ्यायची, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आम्ही दोघं उठून घरी आलो. आठ दिवसांनी मराठी प्रत मिळाली. त्यात महत्त्वाची गोष्ट होती ती अशी: काहींना करंट पूर्ण वेळ मिळणार, काहींचा सुरुवातीलाच हळूच बंद होणार, आणि कोणाचं काय हे ना आपल्याला कळणार, ना बोटांची मोजणी करणाऱ्याला. मधेच सोडून जायची मुभाही होती. आजोबांनी ते दोनदा वाचून सही केली.

कानच का, हे त्या मुलीने फार छान सांगितलं. मेंदूपासून थेट पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी कानाच्या खळग्यातल्या कातडीत येते. कान कोरताना काहींना खोकला येतो तो तिच्यामुळेच. माझ्या सासऱ्यांना यायचा! तिथून संदेश मेंदूच्या बुंध्यात जातो, आणि 'लोकस सेरुलियस' नावाच्या इवल्याशा भागातून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सुटतं. ते मेंदूला जागं करतं. नेमकं सरावाच्या वेळी ते मिळालं तर शिकलेलं पक्कं बसेल, असा तर्क आहे. अजून तर्कच, हेही तिने सांगितलं. मला ते आवडलं.

पाच दिवस मी तिथे गेले. डाव्या कानातली कुडी काढायची, कान स्पिरिटने पुसायचा, चिमटा बसवायचा. करंट अगदी थोडाथोडा वाढवत नेतात. मुंग्या आल्या पण दुखत नाही, तिथे थांबतात. रोज आधी आणि नंतर बीपी, नाडी. मग खरं काम: डाव्या हाताने 4-1-3-2-4 या क्रमाने आकड्यांच्या कळा (बटणं) दाबायच्या. तीस सेकंद दाबायच्या, तीस सेकंद विश्रांती, अशा बारा फेऱ्या. मुंग्या थोड्या वेळाने जाणवेनाशा व्हायच्या. करंट बंद झाला की कान सरावला, ते कळायला मार्ग नव्हता. करंगळी मात्र रोज दुखायची. दुसऱ्या दिवशी तर माझे बिनचूक क्रमांचे आकडे आदल्या दिवसापेक्षा खाली गेले आणि मला रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी ते सांगितल्यावर तिने माझ्या नोंदीत झोपेचे तास लिहून घेतले. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि म्हातारपणी तीच आधी जाते.

पहिल्या फेरीत तीस सेकंदांत माझे बिनचूक क्रम सात झाले होते, पाचव्या दिवशी तेरा. महिन्याने पुन्हा बोलावलं. मधे सराव करायचा नाही, असं बजावलं होतं आणि मी तो केला नव्हता. पहिली फेरी नऊ, तिसरी बारा.

मी कुठल्या गटात होते, ते सगळ्यांचं पूर्ण झाल्यावर कळवणार आहेत. आजोबांच्या अजून दोन खेपा बाकी आहेत. निकाल घरी कळवावा का, या रकान्यात आम्ही दोघांनीही 'हो' लिहिलं आहे.