बाईंच्या रांगोळीतला समुद्र

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'दोन पानं लिहा' असं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण काय लिहिणार? आम्ही काही बोर्डात आलेलो नाही. पण पत्र टेबलावर पडून राहिलं आणि इतिहास-भूगोलाच्या बाई डोक्यात येऊन बसल्या, त्या हलेनात. पीटीच्या सरांची शिट्टी, शिपाईमामांची घंटा, फाटकाबाहेरचा आवळेवाला यांच्यावर बाकीची मंडळी लिहितीलच. मी बाईंवरच लिहिणार.

त्यांचं नाव छापत नाही, त्यांना ते रुचलं नसतं. सत्तरच्या दशकात आपल्या शाळेत असलेल्यांना 'परभीण बाई' एवढं पुरे. हे नाव आम्ही पाठीमागे घ्यायचो आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

बाई पाठारे प्रभू. बिंबराजाबरोबर माहीमला आलेली ही मंडळी, म्हणजे मुंबईत वस्ती करणाऱ्या अगदी जुन्या घराण्यांपैकी. त्यांच्या घरी बिंबराजाची हकीकत सांगणारी, इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली 'महिकावतीची बखर' होती. ती दाखवताना बाई बजावत, "बखरीत आहे म्हणून सगळं खरं धरू नका." घराणं पुढे कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात राहिलं, तिथल्या १८०३च्या आगीनंतर गिरगावात आलं. बाईंचा जन्म तिथल्याच वाडीतला. १९४४च्या एप्रिलात गोदीत स्फोट झाला तेव्हा घरातल्या काचेच्या हंड्या कशा खळखळल्या, ते त्या हातवारे करून सांगत. विल्सनमधून बीए झाल्या, आपल्या शाळेत लागल्या आणि लग्न न करता इथूनच निवृत्त झाल्या. नातेवाइकांना त्याचं फार वाटे म्हणतात. बाईंना वाटत असावं असं कधी दिसलं नाही.

सातवीतली गोष्ट. गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात बाईंनी आम्हाला चपला काढून हॉलमध्ये नेलं. रांगोळीत प्रभूंच्या बायकांचा हात धरणारं कुणी नाही, हे तेव्हा आम्हाला काय माहीत? पदर खोचून त्या जमिनीवर बसल्या आणि चिमटीतून पांढरी रेघ सोडत सात बेटं काढली. माहीम, वरळी, परळ, माझगाव, मुंबई, धाकटा कुलाबा, कुलाबा. मधे कुठे हात थांबला नाही की रेघ पुसली नाही. मग निळा रंग घेऊन समुद्र भरला. "१६६८ साली कंपनीनं हे सगळं वर्षाला दहा पौंड भाड्यानं घेतलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या चाळीचं भाडं किती ते घरी विचारून या." मग हात झटकून उठल्या आणि म्हणाल्या, "आता जो तो आपापल्या घरी जाऊन उभा राहा."

गिरगावची पोरं मुंबई बेटावर धक्काबुक्की करू लागली. वरळी कोळीवाड्याचा एकटाच होता, तो ऐटीत उभा. मी काठावरच. आमच्याकडे पत्ता विचारला की 'बेलासिस रोड' सांगायची रीत होती, पण बेलासिस रोड त्या रांगोळीत कुठे शोधायचा? तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, तो कामाठीपुऱ्याचा!" आणि वर्ग हसला. कसला हसला ते मोठ्या माणसांना सांगायला नको.

बाईंनी माझं कोपर धरलं आणि मला थेट निळ्या रंगात नेऊन उभं केलं. पायाखाली रंग फिसकटला. "इथं. तू समुद्रात आहेस." पुन्हा हशा. बाई थांबल्या. तो विरल्यावर म्हणाल्या, "१७८४च्या सुमाराला वरळीचा बांध पुरा झाला, मग ही खाजणं सुकायला लागली. शहर बांधायला तेलंगणातून कामाठी आले. याचे खापरपणजे. तुमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा बोटीनं कोकणातून येण्याच्या किती आधी, ते गणित घरून करून आणा."

आमच्या घरी तेलुगू बोलतात हे मी चार वर्षं वर्गात कुणाला कळू दिलं नव्हतं. बाईंना कधी, कसं कळलं कोण जाणे.

एका आगाऊ मुलीनं विचारलं, "मग बाई, तुम्ही कुठे उभ्या राहणार?" बाई माहीमच्या काठाशी गेल्या. "इथं, होडीतून उतरून. आणि उतरलो तेव्हा कोळ्यांची जाळी आधीच वाळत पडली होती. आम्हीसुद्धा उपरेच!"

त्या दिवाळीत वह्यांचा गठ्ठा पोचवायला त्यांच्या घरी गेलो तर झोपाळ्यावर बसवून खाजाचे कानवले दिले. पापुद्रे सुटत होते, शर्टावर सगळा चुरा. निघताना डबा भरून दिला. डबा परत द्यायला माझी आई स्वतः गेली, तेलुगू वळणाच्या मराठीत तासभर बोलून आली, आणि मग तिनं 'बेलासिस रोड' म्हणायचं सोडलं.

आज मी जमीन-तपासणीचं काम करतो. इमारतीच्या पायाआधी बोअर मारायचा आणि खाली काय आहे ते लिहून द्यायचं. बऱ्याच टॉवरांच्या अहवालांवर आमची सही आहे, हे जरा मिरवून घेतो. मध्यंतरी आमच्या जुन्या गल्लीशेजारीच बोअर घेतला. वर विटांच्या तुकड्यांचा भराव, खाली काळी चिकण समुद्री माती, तीत शिंपल्यांचे तुकडे. मग मुरूम, मग काळा दगड. पोरगेल्या इंजिनिअरला म्हटलं, नीट लिही. 'इथं समुद्र होता' हे त्याला नवीनच होतं. इंग्रजी माध्यमातला, हुशार आहे, पण त्याला हे कुणी पायाखाली दाखवलंच नव्हतं.

गिरगावाबद्दल काय बोलावं? बाईंची वाडी गेली, तिथं टॉवर आहे आणि खाली भुयारी मेट्रो धावते. बाई शेवटची वर्षं भाचीकडे बोरिवलीला होत्या. सातशे वर्षं बेटावर काढलेल्या घराण्यातली बाई खाडीपलीकडे गेली, असं मी हळहळून म्हटलं तर मलाच दटावलं, "बोरिवलीला काय वाईट आहे? भाजी ताजी मिळते." आपल्या शाळेत चार तुकड्यांच्या जागी आता एकच तुकडी उरली आहे, हे मात्र त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

समितीला एक विनंती. हॉलमध्ये देणगीदारांच्या आणि मुख्याध्यापकांच्या तसबिरी आहेत, बाईंची नाही, कारण त्या मुख्याध्यापक झाल्या नाहीत. ग्रुप फोटोंत त्या नेहमी टोकाला उभ्या राहत, त्यामुळे बहुतेक फोटोंत अर्ध्याच आल्यात. आमच्या वर्षाच्या फोटोत पूर्ण आहेत. तो मोठा करून, फ्रेमसकट आणून द्यायची जबाबदारी आमची. भिंत तेवढी तुम्ही द्या.