पलासिया कागदात नव्हतं

मी इंदूरात विशेष शिक्षिका आहे. बीआरटीएसवर, म्हणजे रस्त्याच्या मधोमध बससाठी राखलेल्या मार्गावर, आयबस धावत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मुलाचं नाव सांगत नाही. धाकटी बहीण आहे म्हणून घरात सगळे त्याला दादा म्हणतात, तेच पुरे. बौद्धिक अक्षमता, वय साडेसतरा.

अठरा पूर्ण होत आले तशी त्याची आई धास्तावली होती. "ताई, मग बँकेत माझी सही चालेल का?" १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरानंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो; तो अर्ज तिच्या पर्समध्ये कधीचा घडी घालून पडला होता. मी तिला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वही सांगितलं, ज्यात पालकानं आणि त्या व्यक्तीनं मिळून निर्णय घ्यायचा असतो. ती म्हणाली, "मिळून? त्याला शर्ट निवडायला अर्धा तास लागतो!"

त्याचं पुढचं ठरवायला दर शनिवारी आम्ही बसायचो: आई, आजोबा, थेरपिस्ट, विजयनगरचा बेकरीवाला आणि मी. दादाला बेकरीत खोकी बांधायचं काम मिळणार होतं. नवलखा ते विजयनगर हा प्रवास मी त्याच्याबरोबर तीन आठवडे केला. स्टॉप रस्त्याच्या मधोमध, म्हणजे चढायला अर्धा रस्ता ओलांडा, उतरल्यावर पुन्हा अर्धा. दोन्ही ठिकाणं आमच्या कागदावर लिहून पक्की घोटून घेतली होती.

त्या सोमवारी तो पहिल्यांदा एकटा निघाला. मी मागच्या सीटवर, तोंडाला ओढणी गुंडाळून. (इंदूरात स्कूटीवाल्या सगळ्याच मुली तशा फिरतात, कुणाला संशय येत नाही.) जीपीओ गेलं, गीता भवन गेलं. पलासिया आलं आणि दादा उठून सरळ उतरला.

माझ्या पोटात गोळाच आला. पलासियाचा चौक आम्ही कधी केलाच नव्हता. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर तीन आठवडे पाण्यात. दादा कडेला उभा राहिला. शेजारी एक म्हातारं जोडपं आलं. ते निघाले तसा हा त्यांच्या खांद्याला खांदा लावून निघाला, ते थांबले की हा थांबला. हे मी शिकवलं नव्हतं. आजोबांची शिकवण, नंतर कळलं.

गेला तो थेट छप्पन दुकानला, इंदूरच्या खाऊगल्लीत. पोहे-जिलेबी मागितली, पन्नासची नोट दिली आणि सुट्टे हातात पडेपर्यंत हात पुढेच. सावकाश खाल्लं. शेव परत मागून घेतली. मी समोरच्या दुकानाआड उपाशी!

बेकरीत पोचायला पाऊण तास उशीर. मालक म्हणाला, "क्यों भिया, आज ही लेट?"

"नाश्ता करके आया. काम पे जाने वाले बाहर खाते हैं," दादा म्हणाला. त्याचे बाबा रोज तसंच करतात.

मालकानं अर्ध्या दिवसाची हजेरी लावली. मला राग आला, पण त्याचंच बरोबर होतं. कुणी दुसरा असता तरी त्यानं हेच केलं असतं.

शनिवारी सहावी खुर्ची मांडली. इतके दिवस आम्ही पाच जण त्याच्याविषयी बोलत होतो आणि तो बाहेर टीव्ही बघत बसायचा, याची मला अजून लाज वाटते. आई चिडलेलीच होती. "पैसे कापले गेले ना तुझे? आता?"

दादानं बराच वेळ घेतला, शर्टाला घेतो तितका. कुणी मध्ये बोललं नाही.

"पोहे रोज नाही," तो म्हणाला. "पगार झाला की."

आईनं पर्स उघडली. मला वाटलं अर्ज काढतेय. तिनं पेन काढलं आणि आमच्या कागदावर, नवलखा आणि विजयनगरच्या मध्ये, पलासिया लिहिलं.