पितळेची वाघीण

खोक्याचं झाकण उघडलं तर आतला फोम पाक बिघडलेल्या चिक्कीसारखा झाला होता. कडेला हात लावला की भुगा, मध्ये चिकट गोळा, आणि त्या गोळ्यात रुतून बसलेली पावणेसहा इंची पितळी वाघीण. सॅक्रामेंटोजवळ एका घरी, मालक वारल्यावर मुलांनी सामान विकायला काढलं होतं. तिथून असे तीन खोके मी १२० डॉलरला उचलले. नीट अवस्थेतली असती तर एवढ्यात मिळाली नसती, हे ठाऊक होतं, म्हणून घरी येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो.

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणायची सवय कुर्डुवाडीची. वडील तिथल्या नॅरोगेजच्या वर्कशॉपात फिटर होते. इंग्रजी ‘वॅगन’ची वाघीण झाली हे फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटायचं की लांबलचक गाडी गुरगुरत येते म्हणून म्हणत असतील. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा ती उभारणाऱ्या इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेबांनी अडीच फुटी रुळांवर चार-चार चाकांच्या बोग्यांच्या (बोगी म्हणजे डब्याखालचा फिरता चाकांचा सांगाडा) वाघिणी आणल्या, इंग्लंडमधल्या लीड्स फोर्जच्या दाबीव पोलादाच्या. वडील हे घरचं कौतुक असल्यासारखं सांगायचे. मी मात्र आयुष्य कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरसमोर काढलं आणि निवृत्तीनंतर १:८७ च्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या, मॉडेल वाघिणींपाशी येऊन पोचलो.

या पितळी मॉडेलांचं मूळ जपानात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या छोट्या कारखान्यांनी ती हातानं जोडून बनवायची आणि अमेरिकी आयातदारांनी इथे विकायची, असा धंदा जमला. पुढे जपानात मजुरी वाढली, येन महागला, आणि काम कोरियाकडे सरकलं. मॉडेल यायचं ते बिनरंगाचं, वर फक्त पारदर्शक लॅकरचा हात. रंग द्यायचा, डबे एकमेकांना जोडणारे कपलर बसवायचे, हे घेणाऱ्यानं बघायचं. पुष्कळांनी ते कधी केलंच नाही. पिवळीधमक वाघीण कपाटात ठेवली आणि बघत बसले.

माझ्या हाती आलेली वाघीण सदर्न पॅसिफिक रेल्वेची ‘जनरल सर्व्हिस गोंडोला’. म्हणजे वरून उघडी, लाकडी बाजूंची, आणि तळाला झडपांच्या आठ जोड्या. झडपा उघडल्या की माल खाली. वर्ग जी-५०, यातले ५० म्हणजे वजनक्षमता, टनांत. या वाघिणींच्या बाजूंवर फळ्यांची उंच चौकट चढवून त्यात साखरेचं बीट भरायचे. सॅलिनासजवळ क्लॉस स्प्रेकल्सचा मोठा बीट-साखर कारखाना होता, १८९९ ला सुरू झालेला आणि १९८२ ला बंद पडलेला. ऊस तोडून बैलगाड्यांच्या रांगा कारखान्याच्या फाटकावर लागलेल्या बघत मोठा झालेला माणूस दुसरी कुठली वाघीण निवडणार? माझी १९५० च्या दशकातली, बीटची, असं ठरवून टाकलं.

फोम काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. दोन संध्याकाळी गेल्या, कारण झडपांच्या साखळ्यांमध्ये तो गुळासारखा बसला होता. मग लॅकर. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून काचेच्या बरणीत थिनर ओतलं, वाघीण वीस मिनिटं बुडवली. पिवळट पापुद्रा निघाला आणि खालचं पितळ दिसलं. जिथे फोम चिकटला होता तिथे तपकिरी, हिरवट डाग.

इथे मी माती खाल्ली.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती चौऱ्याऐंशीची, कुर्डुवाडीलाच असते. म्हणाली, “आरं, पितळ हाय न्हवं? मग चिंच लाव की. चांगली घास.” देवघरातली समई, घागर, ताकाचं कळकलेलं भांडं, सगळं तिनं आयुष्यभर चिंचेनं नाहीतर पितांबरीनं घासलं. पण १:८७ च्या वाघिणीवर भुकटी घासली तर रिव्हेटचे टिपके घासून जातील, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी शहाणपणा केला. आंबट तर आंबट, घासायचं कशाला, नुसतं भिजवू. व्हिनेगर, चमचाभर मीठ, वाघीण आत, आणि मी झोपायला.

सकाळी वाघीण गुलाबी झाली होती. सगळी नाही, एक बाजू आणि तळाचा अर्धा भाग, लहान मुलाच्या हिरडीसारखा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जास्त वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि वरच्या थरात तांबं मागे राहतं. पाच-दहा मिनिटं कोमट सायट्रिक ॲसिडचं पाणी पुरलं असतं. आई चिंच लावते, पण लगेच घासते आणि धुते, हा भाग मी सोयीनं विसरलो होतो. गुलाबीपणा रंगाखाली झाकला जातो, त्याचं मला फार वाटलं नाही. भीती सांध्यात शिरलेल्या आंबटाची. ते तिथे राहिलं तर सहा महिन्यांनी रंगाखालून हिरवं फुलून वर येतं आणि रंगाला फोड आणतं. खायच्या सोड्याच्या पाण्यात दोनदा बुडवली, मग चष्मे धुवायच्या अल्ट्रासॉनिक डबीत चार वेळा नुसतं पाणी बदलत धुतली. एका वेळी अर्धी वाघीणच डबीत मावते. उरलेले डाग काचतंतूंच्या पेन्सिलीनं काढले. हातमोजे घालायला विसरलो. ते तंतू बोटात घुसले की दिसत नाहीत आणि दोन दिवस फक्त टोचतात.

आता डागडुजी. एका कोपऱ्याची पायरी सुटून खोक्याच्या तळाशी पडली होती, हातानं धरायच्या दोन दांड्या गायब, ब्रेकचं चाक दुमडलेलं. पायरीपासून सुरुवात केली, ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न घेऊन. पितळ उष्णता इतक्या झपाट्यानं पसरवतं की टोक लावलेल्या जागी कथील वितळायच्या आधी शेजारचा सांधा सुटतो. पायरी चिकटली आणि त्याच क्षणी वरची शाबूत दांडी टुपकन टेबलावर पडली. ती लावायला गेलो तर पायरी पुन्हा हातात आली. तासाभरानं माझ्यासमोर सुरुवातीपेक्षा जास्त सुटे भाग होते.

लहानपणी तांबटाच्या दुकानात भांड्याला डाग द्यायला घेऊन गेलं की तो शेजारच्या जागेवर ओल्या मातीचा गोळा थापायचा. तेव्हा कारण विचारलं नव्हतं. आता टिश्यू पेपर पाण्यात पिळून दोन्ही बाजूंना गुंडाळला, आणि बराच फरक पडला. तरी खरी सुटका झाली ती आमच्या मॉडेल रेल्वे क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. त्यांनी रेझिस्टन्स सोल्डरिंगचा चिमटा आठवडाभर वापरायला दिला. चिमट्याची दोन टोकं सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायची आणि पायानं बटण दाबायचं. कमी दाबाचा पण भरपूर करंट तेवढ्याच जागेतून जातो, तेवढीच जागा तापते. दोन-तीन सेकंदांत कथील चमकून पसरतं, बटण सोडलं की जागच्या जागी थिजतं. शेजारची दांडी हलत नाही. पहिला सांधा असा बसला तेव्हा मी पाय बटणावरून काढायला विसरलो आणि छोटा काळा ठिपका उमटला. तो अजून आहे, रंगाखाली.

हरवलेल्या दांड्यांसाठी ०.३ मिलिमीटरची पितळी तार घेतली. ८७ नं गुणलं तर २६ मिलिमीटर होते, खरी दांडी त्याहून बारीक असायची. पण त्याहून बारीक तार माझ्या बोटांना झेपली नाही. दोन दांड्यांसाठी अकरा वाकवल्या. नऊ वाकड्या आल्या किंवा उडून गॅरेजच्या जमिनीवर गेल्या, आणि तिथून काही परत येत नाही.

तळाच्या ब्रेकनं मला सगळ्यात जास्त रमवलं. मॉडेल बनवणाऱ्यानं जुन्या ‘के’ पद्धतीचा हवेच्या दाबाचा ब्रेक दाखवला होता, सिलिंडर आणि टाकी एकाच ओतीव गोळ्यात. १९३३ पासून अमेरिकेत नव्या वाघिणींना ‘एबी’ ब्रेक आला. त्यात सिलिंडर वेगळा, दोन कप्प्यांची टाकी वेगळी, झडप वेगळी. जुन्या वाघिणींना बदलून घ्यायला बरीच वर्षं मिळाली, पण माझ्या १९५५ च्या वाघिणीवर ‘के’ शोभला नसता. गोळा कापून काढला, तीन सुटे भाग बसवले, त्यांच्यातून तारेचे पाइप फिरवले. रुळावर ठेवल्यावर यातलं काहीही दिसत नाही. बायकोनं विचारलं, “मग कशाला केलंत?” मी वाघीण उलटी करून दाखवली. “उलटी कोण बघणार?” याला उत्तर नव्हतं.

रंगकामाचं थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडची अगदी हलकी फवारणी करून पृष्ठभाग खरखरीत केला, त्यावर पितळ धरून ठेवणारा प्रायमर, मग मालगाडीचा तांबूस-तपकिरी रंग. रंग पक्का करायला गॅरेज सेलमधून आणलेल्या टोस्टर ओव्हनमध्ये ९० अंश सेल्सियसला दोन तास. कथील १८० च्या पुढे वितळतं, तेव्हा तिथे धोका नव्हता. धोका होता तो हा ओव्हन चुकून स्वयंपाकघरात जाण्याचा, म्हणून त्यावर मार्करनं कवटी काढली आहे. अक्षरांसाठी डेकल, म्हणजे पाण्यात कागदावरून सुटणारी पातळ छापील चित्रं. त्याखाली आधी चकचकीत थर हवाच, नाहीतर कडेला चंदेरी हवा अडकते.

बीटची चौकट बासवुडच्या लाकडी पट्ट्यांची. आणि बीट? क्लबातले लोक तऱ्हेतऱ्हेचे दाणे आणि प्लॅस्टिकचे गोळे सुचवत होते. पण साखरेचं बीट गोल नसतं. ते एका टोकाला निमुळतं, पांढरट, वीतभर लांब. ८७ नं भागलं तर साधारण अडीच मिलिमीटर. हे गणित मी स्वयंपाकघरात उभं राहून करत होतो आणि समोर तिळाची बरणी होती. जानेवारीचा पहिला आठवडा, बायकोनं तिळगुळासाठी आणलेले. मूठभर पळवले, थोडे जास्त भाजले म्हणजे मातीचा रंग येतो, आणि फोमच्या उंचवट्यावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं थापले. खाली शिशाचा तुकडा, कारण वाघीण ९२ ग्रॅम भरली होती. अमेरिकेच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं मोजमाप आहे: एक औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. पावणेसहा इंचांना ते ११० ग्रॅमच्या आसपास येतं.

क्लबात पहिल्यांदा रुळावर ठेवली ती छान धावली, दहा मिनिटं. मग टिक. क्लबातल्या रुळांच्या सगळ्या मांडणीची वीज गेली, चार जणांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या. पुन्हा चालू केलं, पुन्हा टिक. सगळ्यांची नजर माझ्या तिळांकडे.

कारण सापडायला पाऊण तास लागला. मॉडेल गाड्यांना वीज दोन रुळांतून मिळते, आणि जुन्या पितळी बोगीत प्रत्येक धुऱ्याचं एकच चाक इन्सुलेटेड असतं. (अमेरिकन लोक बोगीला ट्रक म्हणतात, आणि आपल्याकडे लोक अख्ख्या डब्याला बोगी म्हणतात, म्हणजे नीट कुणीच बोलत नाही.) दुसऱ्या बाजूच्या चाकातून वीज बोगीच्या सांगाड्यात आणि तिथून पितळी अंगात जाते. मी एक बोगी उलटी बसवली होती. पुढची डाव्या रुळाला जोडलेली, मागची उजव्या, आणि दोघींना जोडणारी सगळीच्या सगळी वाघीण पितळेची. दहा मिनिटं चालली, कारण बोगी फिरते त्या जागेवर माझा नवा रंग होता. तो घासून गेला आणि धातूला धातू लागला. एक स्क्रू सोडून बोगी अर्धी फिरवली, काम संपलं. मग कपलरची उंची मोजायच्या गेजवर बघितली तर तेही खाली लोंबत होते. बोगीवर फायबरचा एक पातळ वॉशर घातला.

शेवटचं काम मळवायचं. खडूची पूड, तपकिरी, राखाडी, थोडी काळी. ब्रशनं वरून खाली, पाऊस जसा वाहतो तसं. तळाशी रुळांची धूळ, चौकटीच्या फळ्यांवर चिखलाचे ओघळ, वर मॅट वार्निश. आईला फोटो पाठवला. तिनं बराच वेळ बघितला असावा, कारण उत्तर रात्री आलं, भाचीच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं: “आजी विचारते, हे पितळेचंच होतं ना? मग घासलं कशाला?”

दुसऱ्या खोक्यातली वाघीण आता थिनरमध्ये आहे, बरणीवर टायमर लावून. पहिलीची डाव्या कोपऱ्यातली पायरी किंचित आत वाकलेली राहिली. सरळ करायला गेलो असतो तर दांडी सुटली असती. आणि जुन्या फोटोंत खऱ्या वाघिणींच्याही पायऱ्या वाकलेल्या दिसतात.