पिकअपच्या नंबरातला एक शून्य : माझा अनुभव

एका शून्यासाठी मी सहा वेळा आरटीओत गेलो. दर खेपेला जाऊन-येऊन ७० किलोमीटर. ऑफिस कुठल्या तालुक्याचं ते लिहीत नाही, कारण तिथल्याच एका बाईंनी शेवटी माझं काम केलं आणि त्यांना माझ्यामुळे त्रास व्हायला नको. पण घडलं ते लिहिणार. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एक कुळागर (नारळ-सुपारीची बाग) सोडून दुसऱ्याच्या दारात जुनी पिकअप उभी असते, आणि तिचा चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मालक क्वचितच सापडेल. मीही पाहिला नव्हता.

माझी गाडी टाटा २०७, २०११ची. सातेक वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातल्या एका दुकानदाराकडून घेतली, म्हणून नोंदणी तिकडची. नारळ, सुपारी, केळी, शेणखत, कधी चिरे, जत्रांच्या दिवसांत मंडपाचे खांब आणि खुर्च्या. महिन्यातून एखादी खेप चोर्ला घाटाने बेळगावला. एवढं काम ती अजून करते. आमचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, नुसता आवाज ऐकून सांगतो की टॅपेट वाजतंय की नोझल गेलाय. गाडीवर माझा जीव आहे, तेव्हा तिच्या कागदाला कोणी "राहू द्या हो" म्हटलं की मला लागतं.

मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची फिटनेस तपासणी, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. फिटनेस संपला की कायद्याने त्या गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. तशी गाडी रस्त्यावर आणली आणि काही झालं, तर विम्यावाल्याशी भांडायलाही तोंड राहत नाही. माझा फिटनेस ऑगस्टच्या मध्यावर संपत होता आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्यानंतर दहा-बारा दिवसांवर. आमच्याकडे चवथीच्या आधीचा आठवडा म्हणजे माटोळीचा, गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार. नारळाच्या पेंडी, सुपारीचे घड, तोरंजन, आंबाडे, चिबूड, सगळं फोंड्याच्या आणि म्हापशाच्या बाजारात न्यायचं असतं. त्या आठवड्यात गाडी दारात उभी ठेवणं मला परवडणारं नव्हतं.

इतकी वर्षं पासिंगचं काम एजंट करायचा. या वर्षी ठरवलं की आपणच करायचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलीला शेजारी बसवून फोनवर परिवहनची साइट उघडली. गाडीचा नंबर टाकला. पुढे ती चेसिस नंबरची शेवटची पाच अक्षरं विचारते. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कार्डावर, बघून टाकली. जुळत नाही. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. मुलीने टाकली, तरी तेच. शेवटी जुन्या एजंटला फोन केला. तो लगेच म्हणाला, "शून्य टाकू नका, इंग्रजी ओ टाका. तुमच्या गाडीला तसंच आहे." ओ टाकला आणि पान उघडलं.

मग आरसीचं कार्ड खिडकीशी धरून भिंगातून पाहिलं. शेवटच्या भागात दोन गोल आहेत. एक अंड्यासारखा उभट, दुसरा बांगडीसारखा पुरता गोल. पहिला शून्य, दुसरा ओ. जुन्या आरसी बुकावरून कॉम्प्युटरात उतरवताना कोणीतरी चुकीची कळ दाबली होती. एजंटला हे माहीत होतं. तो दरवर्षी मुकाट्याने ओ टाकून पुढे जायचा. मला एकदाही बोलला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मीही ओ टाकून पुढे जाऊ शकलो असतो. बायकोही तेच म्हणाली. पण कपाटातून विम्याची पॉलिसी काढली तर तिच्यावर शून्य! म्हणजे विमा एका नंबराच्या गाडीचा आणि सरकारदरबारी नोंद दुसऱ्याच नंबराची. उद्या घाटात काही झालं, तर या एका गोलावरून मला ऑफिसात फिरवत ठेवतील, हे दिसत होतं. गाडी चालत असतानाच नोंदीची दुरुस्ती करायची असं ठरवलं आणि तिथून हेलपाटे सुरू झाले.

पहिल्या खेपेला खिडकीवरच्या गृहस्थांनी कार्ड पाहिलं आणि विचारलं, "पासिंग अडलंय का?" म्हटलं नाही, ओ टाकला की होतं. "मग कशाला हात लावता? चालतंय ना?" मी विम्याचं सांगितलं. ते म्हणाले, "गाडीवरचा छाप घेऊन या आणि प्रतिज्ञापत्र करून आणा." कुठे लिहून देता का म्हटलं तर पुढच्या माणसाला बोलावलं.

छाप घेण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे सगळ्यांना कधी ना कधी लागणार. माझ्या गाडीचा नंबर उजव्या बाजूच्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे ठोकलेला आहे. दर मे महिन्यात मी गाडी खालून धुऊन, वाळवून जळकं ऑइल मारतो. आपल्याकडे जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात खारी हवा. तेवढं केलं नाही तर हौद्याच्या खालच्या पट्ट्या चार पावसांत बिस्किटासारख्या तुटतात. पण तेच ऑइल आणि तांबडी माती मिळून त्या जागी बोटभर जाडीचा थर बसला होता. गोणपाट अंथरून मी आणि मेस्त खाली शिरलो. तो ग्राइंडर घेऊन आला होता. मी हात धरला. ग्राइंडर, फाइल, खरखरीत एमरी यातलं काहीही नंबरावर लावायचं नाही. धातूवर ओरखडे दिसले की नंबराशी छेडछाड केल्याचा संशय तुमच्यावरच येतो. बांबूच्या कामटीने थर खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, मग जुना दात घासायचा ब्रश. आधी एम दिसला, मग ए, मग टी. बाकीचे आकडे एकेक करून वर आले. काठावर गंज होता, पण थराखालचं लोखंड शाबूत होतं. जळक्या ऑइलनेच तो नंबर वाचवला.

सुका खडू चोळला तेव्हा खाचा पांढऱ्या भरून आल्या. आम्ही शोधत होतो ते दोन्ही गोल सारखेच उभट होते, अगदी जुळे. मी तिथेच पडल्यापडल्या बोट फिरवून पाहिलं. मग खडू पुसून, पातळ कागद चिकटपट्टीने लावून मऊ पेन्सिल आडवी घासली. तीन छाप घेतले. तुम्हीही तीन घ्या, एक घरी ठेवा.

दुसऱ्या खेपेला छाप आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो. गृहस्थ म्हणाले, "छापावर शून्य आणि ओ सारखेच दिसतात. आम्ही काय समजायचं? पहिल्या विक्रीचं बिल आणा." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, तेवढं मी मान्य करतो. पहिल्या मालकाकडे गेलो. दुकान हलवताना जुने कागद गेले, म्हणाला.

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. फोंड्यात मी पार्ट घेतो त्या दुकानात सहज हा विषय काढला. काउंटरवरचा पोरगा एका क्षणात म्हणाला, "काका, चेसिस नंबरात ओ असतच नाही." १७ अक्षरांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणूनच. दिवसभर नंबर बघून पार्ट काढणाऱ्या पोराला जे पाठ आहे, ते खिडकीवर कोणाला माहीत नव्हतं. तिथे आणखी एक गोष्ट कळली. नवी गाडी नोंदताना शोरूमचं विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, आणि गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला, म्हणजे नमुना २२, आरटीओतच जमा होतात, आणि दोन्हींवर चेसिस नंबर असतो. म्हणजे माझ्याकडे जो पुरावा मागत होते, तो त्यांच्याच फाइलीत असणार होता.

तिसऱ्या खेपेला हे सांगितलं. "रेकॉर्ड रूमला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात गेलो तर साहेब मीटिंगला. लेखी अर्ज पुढे केला तर तो घेईनात. "आवक करायची गरज नाही, आम्ही बघतो ना." त्या दिवशी भर पावसात पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. काचेवर वायपर फिरत होता आणि मी बोटांवर दिवस मोजत होतो. फिटनेस संपायला १९ दिवस राहिले होते. माझा दोष एवढाच होता की सरकारी नोंदीतली चूक मी सरकारला दाखवायला गेलो होतो. तोंडी सांगितलेल्याला तिथे काही किंमत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. अर्ज दोन प्रतींत न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पाचव्या खेपेला माहिती अधिकाराचा अर्ज केला, १० रुपये भरून. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे दोनच ओळी : माझ्या गाडीच्या मूळ नोंदणी फाइलीतील नमुना २१ आणि २२ यांच्या प्रती मिळाव्यात. हा अर्ज घ्यायला त्यांना नकार देता येत नाही, आणि उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवसांची मुदत असते. माझ्याकडे ३० दिवस नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण शिक्का बसला. तो अर्ज रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलावर गेला. त्यांनी मला बोलावून आधी गाडीचा नंबर विचारला, मग वर्ष, मग म्हणाल्या, "भाऊ, चार दिवसांनी फोन करून या. मी स्वतः काढते." इतक्या फेऱ्यांत तिथे मला कोणी भाऊ म्हटलेलं हे पहिल्यांदा.

फाइल निघाली. पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नमुना २२ वरचा नंबर स्वच्छ टाइप केलेला, दोन्ही शून्य एकसारखे. बाईंनी ती स्वतः साहेबांकडे नेली. मी आय, ओ, क्यूचं सांगितलं. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छापाकडे, आणि सही केली. सहा खेपांनी जे झालं त्याला साहेबांच्या टेबलावर पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर व्हरांड्यात येऊन मी फोनवर गाडीचा नंबर टाकला, शेवटच्या पाचांत शून्य टाकला आणि पान उघडलं. डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पासिंगला काही अडचण आली नाही. दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर, पीयूसी, टेप. टेप म्हणजे रात्री उजेडात चमकणारी पट्टी : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, आणि ती मान्यताप्राप्त असलेलीच घ्या, बाजारातली नुसती चमकणारी चालत नाही. पाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगचं) एक पान तुटलेलं मी आदल्या दिवशीच बदलून घेतलं होतं. इन्स्पेक्टर चाकाशी वाकले, नंबर पाहिला, म्हणाले, "इतका स्वच्छ नंबर जुन्या गाडीला बघायला मिळत नाही." माटोळीचा सगळा माल वेळेवर गेला.

जाता जाता आठवलं ते सांगतो. नंबर साफ केला की त्यावर ग्रीसचा जाड हात मारून ठेवा, रंग देऊ नका. रंगाचे थर खाचांत बसतात आणि पुढच्या वेळी छाप उठत नाही. खडू भरलेला असतानाच फोटो काढून ठेवा. नोंदीच्या दुरुस्तीला पासिंगच्या निदान तीन महिने आधी लागा. मी दीड महिना आधी लागलो आणि जेमतेम निभावलं. जुनी पिकअप विकत घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी मालकासमोर शेवटची पाच अक्षरं साइटवर टाकून बघा, आणि गोणपाट घेऊन एकदा खाली शिरा.

नवं कार्ड हातात आलं की खिडकीवरून हटण्याआधी १७ च्या १७ अक्षरं छापाशी लावून वाचा. मी वाचली, मागे रांग होती तरी. दोन्ही गोल उभट होते.